आंघोळीचं लाकूड

माझ्या पुतणीच्या हातात दोष नव्हता. ज्यांना हे ऐकायचं नाही, त्यांनी पुढं वाचू नये.

चितेगावच्या ज्या कारखान्यात मी नोकरी केली, तिथं नाट्यगृहांसाठीच्या फळ्या क्षारांच्या पाण्यात दाबाखाली मुरवत. कामगार त्याला आंघोळ म्हणत. असं लाकूड तापलं की त्यातून पेटणारा वायू कमी निघतो, वर कोळशाचा थर धरतो आणि ज्वाळ तिथंच दबते. मोठ्या आगीत तेही जातं, पण कुढत कुढत.

थोरला भाऊ पिशोरला वारला तेव्हा झड लागली होती. गावात कोरडं लाकूड मिळेना, म्हणून मी कारखान्यातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांचा टेम्पो भरून नेला. चांगले खणखणीत कोरडे तुकडे. त्यांची आंघोळ झालेली आहे, हे त्या गडबडीत डोक्यातच आलं नाही. भावाला मुलगा नव्हता. अग्नी मुलीनं दिला.

सरण काळं पडलं, धुमसलं, पेटलं नाही. तिनं पुन्हा लावला, पुन्हा तेच. चुलत भाऊ पुढं झाला. "पोरीच्या हातचा अग्नी घेत नाय तो. सर बाजूला." त्यानं आपल्या गोठ्यातली बाभळीची लाकडं नि कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या आणवल्या, सरणात खुपसल्या आणि स्वतः अग्नी दिला. भडका उडाला. हात बदललेला सगळ्यांनी पाहिला. लाकूड बदललेलं फक्त मी पाहिलं, आणि गप्प बसलो. सख्ख्या भावाला कारखान्याचं भंगार घातलं, असं लोक म्हणतील म्हणून.

त्यानंतर गावात कुठलीही मुलगी अग्नीसाठी पुढं झाली की माझ्या पुतणीचं उदाहरण देऊन तिला मागं सारायचे.

यंदा वहिनी गेली. निरोप आला तसं मी घरातलं एक फडताळ मोडलं. ते कारखान्यातल्या तसल्याच तुकड्यांचं होतं. एक फळी पिशवीत घातली.

अंगणात चुलत भाऊ सांगत होता की मागचं सगळ्यांना ठाऊक आहे, या वेळी अग्नी त्याचा मुलगा देईल. चुलीवर वहिनीच्या आंघोळीचं पाणी तापत होतं. मी चुलीत ती फळी सारली, शेजारी बाभळीचं लाकूड. थोड्या वेळानं दोन्ही बाहेर ओढली. बाभूळ जळत राहिली. फळी काळी होऊन विझली.

"अग्नी तिचा खरा होता," मी म्हणालो. "लाकूड माझं खोटं होतं."

"इतकी वर्षं दातखीळ बसली होती का?" चुलत भाऊ म्हणाला.

"व्हय. बसली होती."

पुतणी भिंतीला टेकून उभी होती. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "काका, आजची लाकडं कुठली आणलीत?"

"बाभळीची. तूच बघून घे."

ती खरंच बाहेर गेली. टेम्पोतलं एकेक लाकूड उलटून पाहिलं. मग आत येऊन विस्तवाचं मडकं उचललं. चुलत भाऊ उठला. मी त्याच्या वाटेत उभा राहिलो.