निळ्या अक्षरांचं मांजरपाट

“बाई, माझं कापड कुठं हाय?”

किसन दारात उभा होता. मी मशीनवर होते. त्याच्यामागं त्याची सुनंदा, चौथीतली, फ्रॉकचा कोपरा तोंडात धरून उभी. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

“कंचं कापड?” मी पदर सावरत विचारलं. पुरुषमाणूस दारात आला की माझा आवाज अर्धाच निघतो.

“मांजरपाट. तीन वार. निळी अक्षरं हायेत त्याच्यावर. या पोरीनं मला न इचारता पेटीतून काढलं आन् तुमाला आणून दिलं म्हणती.”

पायडलवरचा माझा पाय जागीच थांबला. त्या कापडाच्या चार पिशव्या होऊन आठ दिवस झाले होते. पिशव्या गावात वाटूनही झाल्या होत्या.

पिशव्यांचं काम शाळेतून निघालं होतं. पोळ्यानंतर शाळेमागच्या माळावर एका धनगरणीची गाभण शेळी पोट फुगून मेली. कशानं मेली म्हणून तिच्या दिरानं पोट फाडलं. आतून नारळाएवढा पन्नीचा गोळा निघाला. बाजारात मिळतात त्या पातळ रंगीत कॅरीबॅगा, एकात एक गुंतलेल्या. मधली सुट्टी होती. सगळी पोरं कडं करून बघत होती. ती बाई गोळा हातात धरून म्हणाली, “हे बगा, माज्या शेळीचं लेकरू.” त्या दिवशी शाळेत कुणी डबा खाल्ला नाही, असं नंतर गुरुजींनी मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी पोरांची रांग घेऊन माझ्या दारात.

“काकू, पोरं घराघरांतून जुनं कापड आणतील. तुम्ही पिशव्या शिवायच्या. घरटी एक. शिलाई द्यायला आमच्याकडे काही नाही.”

मी मान हलवली. मला नाही म्हणता येत नाही, हे गावाला माहीत आहे. माझे मालक शिंपी होते. ते गेल्यावर मशीन मी चालवायला घेतली. झंपर, परकर, पोरांच्या चड्ड्या, उशांचे अभ्रे. माझी शाळा चौथीपर्यंत. टेपवरचे आकडे येतात, एसटीची पाटी वाचता येते, तेवढ्यावर भागतं.

पोरांनी गाव पालथं घातलं. कुणी धोतराचं पान आणलं, कुणी फाटकी चादर, कुणी आजीचं लुगडं. कापड शाळेत एकत्र व्हायचं आणि माझ्याकडे यायचं. गुरुवारी पोरं ताडकळसच्या बाजारात जाऊन रांगेनं उभी राहायची आणि ओरडायची, “पन्नी सोडा, पिशवी धरा!”

भज्याच्या गाड्यावरचा एक माणूस म्हणाला, “काय गं पोरी, तेल बी पिशवीतच देऊ का?”

सुनंदा म्हणाली, “तेलाला घरून किटली आणायची असती मामा. शाळेत गेला न्हाईत का?”

सगळा बाजार हसला. अशी ती पोरगी. म्हणून तिनं मांजरपाट आणून दिलं तेव्हा मी काही विचारलं नाही. जिनं एवढी जागृती केली, तिच्या घरचं कापड असणारच.

मांजरपाट म्हणजे जाड, पिवळट सुती कापड. पिशवीला त्याच्यासारखं दुसरं कापड नाही. घडी उलगडली तर आत वीतभर उंचीची अक्षरं होती, ऑइल पेंटनं काढलेली. मी हळूहळू वाचली. नामांतर झालेच पाहिजे.

विद्यापीठाचं नाव बदला म्हणणाऱ्या मोर्च्यात दोन काठ्यांना बांधून धरतात ते कापड. नामांतर हा शब्द त्या वर्षांत गावात मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं. आमच्या वस्तीत तो बोलला की माणसं इकडं तिकडं बघायची आणि किसनच्या वस्तीत तो बोलला की माणसं ताठ व्हायची. मला वाटलं, मोर्चा होऊन गेला, कापड आता रद्दीत निघालं असेल. वाया कशाला घालवायचं?

फक्त अक्षरं दिसू द्यायची नाहीत. ते मला अवघड नव्हतं. पिशवी नेहमी उलटी शिवतात. कापडाची चांगली बाजू आत घेऊन कडेनं टाके मारायचे आणि शेवटी ती सुलटी करायची, म्हणजे शिवण आत जाते आणि चांगली बाजू वर येते. मी घडीच उलट घातली. कोरी बाजू वर, अक्षरं आत. कापड चार भागांत कापलं. एकावर ‘नामां’ आलं, एकावर ‘तर’, एकावर ‘झालेच’, एकावर ‘पाहिजे’. ‘झालेच’च्या कडेला तळहाताएवढा तपकिरी डाग होता. पानाची पिंक असेल म्हणून तेवढा तुकडा कापून कतरणीच्या गोणीत टाकला. डागाचं कापड गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, ही मालकांची शिकवण होती. मला त्या दिवशी वाटलं, मी लय शहाणपणा केला.

त्या चार पिशव्या सगळ्यांत मजबूत म्हणून गुरुजींनी मोठ्या खटल्याच्या घरांना दिल्या.

हे सगळं मी किसनला सांगितलं. खाली बघूनच सांगितलं. तो उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला,

“आन् डाग?”

“कसला डाग?”

“एका कडंला डाग व्हता.”

“तो कापून काढला. पिंक होती ना ती?”

“माझ्या भावाचं रगत व्हतं ते, बाई. मोर्च्यात तो एक काठी धरून व्हता. दगड डोक्यात बसला. कापडानंच डोकं बांधलं त्याचं. तवा वाचला. पुढं दोन सालानं काविळीत गेला. त्याचा फोटू न्हाई आमच्याकडं. तेवढंच व्हतं.”

मी आतापर्यंत शेकडो डाग कापून टाकले होते. हळदीचे, तेलाचे, गंजाचे. डाग कुणाचा आहे हे विचारायचं असतं, हे मला कधी कुणी शिकवलं नव्हतं.

सुनंदा हुंदके द्यायला लागली. “मला वाटलं, पप्पा, ते पेटीतच पडून हाय. पिशवी झाली तर शेळ्या वाचतील.”

किसननं तिला मारलं नाही. नुसतं म्हणाला, “गप बस. शेळ्या वाचल्या पायजेत, खरंय तुजं.”

मी उठले आणि कतरणीची गोणी जमिनीवर ओतली. कतरण म्हणजे कापून उरलेल्या चिंध्या. मी त्या उशीत भरते. एक उशी भरून झाली होती. ती मी उसवली. तिघांनी मिळून चिंध्या निवडल्या. लाल, पिवळ्या, फुलांच्या, चौकड्यांच्या. सुनंदालाच तो तुकडा सापडला. किसननं तो हातात घेतला आणि टोपीच्या आत ठेवला.

“पिशव्या मी आणते,” मी म्हणाले. “तुम्ही त्या घरांत जाऊ नका.”

हे मी बोलले याचं मलाच नवल वाटलं.

तीन पिशव्या दुपारपर्यंत मिळाल्या. मी फक्त म्हणायची, “शिवण कच्ची राहिलीय, दुरुस्त करून देते.” कुणी काही विचारलं नाही. एका घरी पिशवीत लसूण भरला होता, तो सुपात काढून दिला. तिन्ही ठिकाणी अक्षरं आतच होती. कुणी बघितलीसुद्धा नव्हती.

चौथी पारूबाईच्या घरी. वीस माणसांचं खटलं. तिचा थोरला मुलगा बापू, शाळेत जायचा तेव्हापासून त्याचे सदरे आमच्याच मशीनवर शिवलेले. ओसरीवर तो तूर निवडत बसला होता. मला बघून हसायलाच लागला.

“या मावशी, या! तुमच्या पिशवीनं बाजारात माझी लय फजिती केली.”

“कशी?”

“आईनं पिशवी धुतली, वाळायला उलटी टाकली. मी तशीच उचलून नेली. दुकानात गेलो तर तो दुकानदार म्हणतो, बापू, तुमची पिशवीच बोलायली की, पाहिजे म्हणून! काय पाहिजे ते बी लिवायचं ना! अर्धा बाजार हसायलाय. मी बी म्हणलो, लिव तुला काय लिवायचं ते, दोन किलो साखर पाहिजे!”

पारूबाई आतून मला म्हणाली, “गंगे, पिशवी मात्र झकास हाय हं. फाटता फाटायची न्हाई.”

मला हसू आलं. त्या दिवसातलं पहिलंच. तेवढ्यात बापूनं विचारलं, “ते पाहिजे कशातलं हो मावशी? सिनेमाच्या बोर्डाचं कापड का?”

मी खोटं बोलायला हवं होतं. तीन घरी बोलले होते. पण तो इतका मोकळा हसत होता की मला वाटलं, यालाही हसू येईल. मी सांगितलं. पूर्ण ओळ सांगितली. किसनचं कापड आहे, त्याला परत द्यायचंय, तेही सांगितलं.

बापूचं हसणं थांबलं. सगळं एकदम नाही, आधी डोळ्यांतलं आणि मग तोंडावरचं. तो उठला. खुंटीवरची पिशवी काढली. आतली तूर ओसरीवर ओतली. बाजूलाच आंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली होती. त्यानं पिशवीच्या चार घड्या करून ती चुलीत सारली, सरपण सारावं तशी.

“बापू!” पारूबाई बाहेर आली.

“आमच्या घरात ते नको,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच मला जास्त भ्या वाटलं. “मावशी, तुमी चांगल्या घरच्या बाई. असल्या भानगडीत पडू नका.”

ऑइल पेंट लागलेलं कापड धूर लय करतं. काळा धूर ओसरीवर आला. माझ्यासमोर कापड जळतंय आणि मी शिंपीण असून हात घातला नाही. पाण्याचा तांब्या तिथंच होता. आजही आठवलं की तो तांब्या दिसतो. ज्याच्या सदऱ्याचं माप माझ्या टेपला तोंडपाठ होतं, तो माणूस आत असा असेल, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

संध्याकाळी किसन आला. मी सांगितलं.

“जळाली?”

“समोर जाळली.”

त्यानं शिव्या दिल्या नाहीत. मी म्हणाले, “नवं मांजरपाट लावते. गुरुजी अक्षर काढून देतील. कळणार नाही.”

“नको. नव्या कापडाला मोर्चा कुठं ठाव हाय? हाय तेवढं जोडा.”

मी तीन पिशव्या उसवल्या. बंद काढले, तळ उसवला, इस्त्री फिरवली. जोडताना दोन्ही कडांचं थोडं थोडं कापड शिवणीत जातं, त्याला आम्ही दाब म्हणतो. दाब गेला की लांबी कमी होते. म्हणून ‘नामां’ आणि ‘तर’ एकमेकांत जरा घुसले आणि ‘र’ची शेपटी दबली. डागाचा तुकडा मात्र मी मशीनवर घेतला नाही. हातानं, बारीक टाक्यांनी, होता तिथं बसवला. एवढा बारीक टाका मी नवरीच्या झंपरालाही घातलेला नाही. किसन ते बघत उंबऱ्यावर बसून होता. जाताना म्हणाला, “बरं जमलं,” आणि कापड एका जुन्या धडप्यात गुंडाळून घेऊन गेला.

पुढच्या संक्रांतीला रेडिओवर विद्यापीठाच्या नावाची बातमी आली. गावात सगळ्यांनी दारं लोटून घेतली. मी तिळगूळ वळत होते तेवढ्यात सुनंदा पळत आली.

“काकू, चला, चला! पप्पांनी लावलंय बगा!”

किसनच्या वस्तीत मी त्याआधी कधी गेले नव्हते. घराच्या भिंतीवर, दोन खिळ्यांना, माझं जोडकाम ताणून बांधलेलं होतं. शेवटचा शब्द नव्हता, त्यामुळे एका बाजूची भिंत उघडी राहिली होती. सुनंदानं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं,

“नामांतर झालेच.”

मग माझ्याकडं बघून म्हणाली, “बगा काकू, आता वाक्य बरोबर झालं का न्हाई?”

किसन हसला. “नामविस्तार म्हणायलेत. जुन्या नावाला नवं जोडलंय. पुरं न्हाई. पण बापूंनी जाळलं त्येच बरं केलं म्हणायचं. पाहिजे राहिलं असतं तर आज खोडावं लागलं असतं.”

मी तिळगुळाचा लाडू पदरात आणला होता. तो त्याच्या हातावर ठेवला आणि आले.

पिशव्यांचं सांगायचं तर, त्या चालल्या. दोन वर्षांत बाजारातल्या पन्न्या काही गेल्या नाहीत, पण आमच्या गावची बाई कापडी पिशवीवरून ओळखू यायची. पारूबाईनं महिन्याभरानं एक जुनं धोतर आणून दिलं. म्हणाली, “गंगे, एक शिव. अक्षरं नसलेली.” मी शिवली. मी कुणाला नाही म्हणत नाही.

फरक एवढाच पडला. जुनं कापड आलं की आधी कात्री लांब ठेवते आणि विचारते, हे कुणाचं, आणि डाग कशाचा. गिऱ्हाईक हसतं, हसू द्या. आणि अक्षरं आत लपवून काही शिवत नाही. पिशवी कधी ना कधी धुतली जाते, आणि धुतली की उलटी होतेच.