कलमसर

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मैदानाबाहेर, आणि पुढची दोन वर्षं ते मला बाहेरच दिसत राहिले. शाळांच्या कबड्डी स्पर्धा असल्या की कॉलेजांचे प्रशिक्षक मंडपातल्या खुर्च्यांवर बसायचे. सामना सुटला की मुलींच्या घोळक्यात शिरायचे. कोण कुठल्या गावची, बारावीला कधी, घरी किती माणसं, सगळं विचारून घ्यायचे. रोह्याच्या कॉलेजचे सर मात्र फक्कीच्या रेघेपासून चांगली वीस पावलं लांब, एखाद्या झाडाखाली, काखेत छत्री धरून उभे. सामना संपला की वहीत काहीतरी टिपायचे आणि स्टेशनची वाट धरायचे. कुणाशी एक शब्द नाही.

मी पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातली. वडील मिठागरात कामाला, आई त्यांच्याबरोबर. अकरावीत असताना पेणच्या स्पर्धेत मी एका चढाईत चौघींना बाद केलं होतं. मैदान नुसतं ओरडत होतं. सुटल्यावर मी मुद्दाम त्या झाडापाशी गेले आणि हसले. सरांनी मान वळवली आणि छत्रीची मूठ रुमालाने पुसायला लागले. मला वाटलं, केवढी ही घमेंड!

कलमसर हे नाव त्यांच्याच कॉलेजच्या मुलींनी ठेवलेलं. ते शिकवायचे भूगोल, पण जिमखान्याचा चार्ज त्यांच्याकडे होता. कापडी पिशवीत विद्यापीठाची नियमपुस्तिका असायची, जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेली. काहीही विचारा, ते म्हणायचे, "आधी कलम काय म्हणतं ते बघू." गंमत अशी की शाळेतल्या मुलींना कॉलेजात कसं आणावं, याबद्दल त्या पुस्तिकेत एक ओळही नव्हती. ती कलमं सरांनी स्वतःच स्वतःला लावून घेतली होती. बारावीचा निकाल लागेपर्यंत मुलीशी बोलायचं नाही. तिच्या घरी जायचं ते मुख्याध्यापकांना सांगून. कुणाला काही द्यायचं नाही, आणि कुणाच्या घरी पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही.

बारावीच्या वर्षी कासूच्या स्पर्धेनंतर मी त्यांना स्टेशनवर गाठलंच. प्लॅटफॉर्मवर ते एकटेच बाकावर डबा खात बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"सर, तुम्ही माझ्याशी बोलत का नाही? माझा खेळ वाईट आहे का?"

त्यांनी डबा झाकला. "पेपर कधी संपतात?"

"मार्चमध्ये."

"मग अभ्यास कर. आत्ता तू शाळेची आहेस. मी परका माणूस." आणि उठून ते प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. तेवढ्या बोलण्याचाही त्यांना त्रास झाला असावा. कारण पुढच्या आठवड्यात आमच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "रोह्याचे सर येऊन गेले. तू त्यांच्याशी स्टेशनवर बोललीस, ते माझ्या कानावर असावं म्हणाले."

असा माणूस एकटा न राहिला तर नवल. पंचांशी ते मैत्री करत नसत, उद्या त्यांनाच आपल्या सामन्याला शिट्टी वाजवायची असते म्हणून. दुसऱ्या प्रशिक्षकांच्या जेवणावळींना जात नसत. लग्न केलेलं नव्हतं. आई होती, ती मी कॉलेजात यायच्या आधीच गेली. रोह्यात नदीच्या बाजूला एका चाळीत त्यांची खोली होती. रविवार उजाडला की कधी नागोठणे, कधी पेण, कुठे शाळेचा सामना असेल तिथे जाऊन उभे राहायचे. परतीच्या गाडीत त्यांच्याशेजारी कोणी बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून सरांची गोष्ट पुरी होत नाही. मुंबईकडच्या एका मोठ्या कॉलेजचे प्रशिक्षक माझ्या बारावीतच आमच्या घरी आले होते. जीपने आले, पेढे आणले, ट्रॅकसूट आणला. वडिलांना म्हणाले, मुलीला दोन दिवस सरावाला पाठवा. तो सराव नव्हता. कॉलेजांच्या स्पर्धेचे सामने होते. त्यांची एक मुलगी आजारी पडली होती. तिच्या ओळखपत्रावर, तिच्या नावाने, मी दोन सामने खेळले. पंचाने ते नाव पुकारलं की मी हात वर करायचे. सतरा वर्षांची होते, पण आपण करतोय ते खोटं आहे, हे मला नीट कळत होतं. घरी कुणाला बोलले नाही.

जूनमध्ये निकाल लागला आणि तिसऱ्या दिवशी सर आमच्या अंगणात उभे. सोबत मुख्याध्यापक. आईने बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी केली होती. सर म्हणाले, "फक्त पाणी द्या." आईला राग आला. "आमचं आन्न चालत नाय का तुमाला?" सर ओशाळले. "चालतं हो. पण आज जेवलो, तर उद्या तुम्हाला मला नाही म्हणताना जड जाईल." मग वडिलांकडे वळून म्हणाले, "फी माफीचा अर्ज मी भरून देईन. हिला संघात घेईनच असं सांगत नाही, खेळ बघून ठरेल. पण गुडघा गेला तरी हिचं शिक्षण सुटणार नाही, एवढं सांगतो."

ते गेल्यावर वडिलांनी पाण्याचा रिकामा पेला उचलला. मग म्हणाले, "पोरी, यो मानूस नुसता पानी पिऊन गेला. यो फसवायचा नाय." आणि मी रोह्याला नाव घातलं.

कॉलेजात खेळाडूचा एलिजिबिलिटी फॉर्म भरायचा असे. सर प्रत्येकीला समोर बसवून एकेक ओळ मोठ्याने वाचून दाखवायचे, मगच पेन हातात द्यायचे. त्यात एक ओळ होती: मी यापूर्वी दुसऱ्या नावाने कोणत्याही स्पर्धेत खेळलेली नाही. सरांनी ती वाचली. मी सही केली. सरांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना माझा शब्द पुरला.

त्या वर्षी आमचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. रोह्याच्या कॉलेजला असं पहिल्यांदाच घडत होतं. सामने अलिबागला होते आणि उपांत्य फेरीत समोर आलं तेच मुंबईकडचं कॉलेज. आम्ही जिंकलो. हात मिळवताना त्यांची एक मुलगी माझ्या कानाशी हसून म्हणाली, "गेल्या वर्षी तर तू आमची होतीस गं!" ती तक्रार करणार नव्हती. करणार कशी? तिचंच कॉलेज अडकलं असतं. जगात कुणालाही ते कळायचं कारण नव्हतं.

तरीही संध्याकाळी, उतरलो होतो त्या शाळेच्या व्हरांड्यात, मी सरांना सगळं सांगितलं. का सांगितलं, याचं खरं उत्तर मला आजही ठाऊक नाही. मनात बहुधा असं होतं, की ते रागावतील, चार शब्द बोलतील आणि सकाळी मी हलक्या अंगाने खेळेन.

सर ओरडले नाहीत. पुस्तिका पिशवीत होती, ती त्यांनी काढलीही नाही. म्हणाले, "बरं झालं सांगितलंस."

"सर, कोणी तक्रार करणार नाही."

"माहीत आहे." पिशवी खांद्याला लावत पुन्हा म्हणाले, "माहीत आहे गं."

सकाळी त्यांनी संघाचं नाव मागे घेतल्याचं पत्र दिलं. मुलींना एका रांगेत बसवून म्हणाले, "हिच्या फॉर्ममध्ये चूक राहिली. तपासायचं काम माझं होतं. मी कमी पडलो." एवढंच. परतीच्या एसटीत सगळ्या रडत होत्या. कुणीतरी मागून ओरडलं, "कलमं खा आता पोटभर!" सर पुढच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होते. आणि मुली माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, "तुझं नशीब फुटलं गो, सरांच्या हयगयीपायी." मी तो हात फिरवू दिला.

विद्यापीठाला सरांनी खरं ते सारं कळवलं होतं. ही त्या वेळी शाळकरी होती, मोठ्यांनी तिला नेलं, तरी फॉर्मवरची सही खोटी आहे आणि तपासणीची जबाबदारी माझी, असं ते पत्र होतं. मला एक वर्ष बंदी आली. कॉलेजच्या वरच्या मंडळींना मात्र बंदीनंतर मी संघात हवी होते. त्यांनी पत्रातलं अर्धंच बाहेर येऊ दिलं. सरांच्या हलगर्जीपणामुळे पोरीचं वर्ष गेलं, हीच गोष्ट गावभर झाली. जिमखान्याची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली. ते भूगोल शिकवत राहिले.

एकदा जिन्यात समोरासमोर आलो. मी म्हटलं, "सर, मी सगळ्यांना खरं सांगते."

ते थांबले. "ते तुझं तू ठरव. मी सांगणार नाही. आणि तू सांग, असंही म्हणणार नाही." मग एकदम विचारलं, "सराव सोडला नाहीस ना? वर्षभर अंग जड होऊ देऊ नकोस." आणि वर निघून गेले.

मी ठरवलं नाही. बंदी संपली, नवे सर आले, एम.ए.साठीही मी तिथेच थांबले आणि पुढच्या दोन वर्षांत आम्ही दोनदा जिंकलो. फोटोत मी मधोमध आहे. मिरवणूक काढली त्या दिवशी कॉलेजच्या फाटकापाशी सर उभे होते, गर्दीच्या बाहेर. मी गुलालाने माखले होते. त्यांनी हात वर केला. मी पाहिलं नसल्यासारखं केलं, कारण शेजारी मैत्रिणी होत्या.

त्याच खेळाच्या जोरावर मला पेणच्या एका शाळेत नोकरी लागली. सर निवृत्त झाले तेव्हा मी समारंभाला गेले होते. वक्ते त्यांच्या नकाशांबद्दल बोलले, वक्तशीरपणाबद्दल बोलले. कबड्डीचं नाव कुणी काढलं नाही. सूत्रसंचालकाने विचारलं, "कोणा माजी विद्यार्थ्याला बोलायचं आहे?" मी खुर्चीचे दांडे घट्ट धरून बसून राहिले. चहाच्या वेळी सरांनी माझ्या शाळेच्या संघाची चौकशी केली. म्हणाले, "तुझी ती डावखुरी मुलगी चांगली आहे. तिला घाई करू नकोस." म्हणजे ते अजूनही येत होते, कुठल्यातरी झाडाखाली उभे राहून बघत होते, आणि मला पत्ता नव्हता.

आता माझ्या मुलींकडेही प्रशिक्षक येतात. अकादम्या आल्यात, गाड्या मोठ्या झाल्यात, पेढ्यांच्या जागी मोबाइल आलेत. निकालाआधी मी कुणाला मुलींशी बोलू देत नाही. लोक मला खडूस म्हणतात. गेल्या वर्षी एका स्पर्धेचे फॉर्म भरून घेताना तीच ओळ आली, आणि काय झालं कोणास ठाऊक, वाचता वाचता मी थांबले. समोर बसलेल्या बारा मुलींना मी माझी गोष्ट सांगितली. खोटं नाव, सही, एसटी, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यानंतरच्या रविवारी मी रोह्याला गेले. चाळ तीच होती. सरांच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या दारात एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"सर?" त्या म्हणाल्या. "सर गेले की! गणपतीच्या आधी. तुमी कोन त्यांच्या?"

मी त्यांच्या पायरीवर बसले आणि जे सरांना सांगायला आणलं होतं, ते त्या अनोळखी बाईंना सांगितलं. त्यांचा हात सुपात तसाच थांबला होता.

"रविवारी छत्री घेऊन निघायचे," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी पाय चालत नव्हता तरी. पन त्यांच्याकडं कोन आलेलं मी काय बघितलं नाय." मग माझ्याकडे निरखून पाहत, अजिबात दोष न देता, नुसतं जाणून घ्यायचं म्हणून त्यांनी विचारलं, "बाई, पेन हितून लय लांब हाय का हो?"

"नाही," मी म्हटलं. "तासाभराचा रस्ता."