भात सोडला, मीठ धरलं

भात सोडायचा म्हणजे आमच्याकडे माणूस अंथरुणालाच खिळला पाहिजे. आम्ही आगरी माणसं. सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात, रात्री पुन्हा भात. पण धाकट्या भावाचं लिव्हर पार निकामी झालं होतं आणि घरात रक्तगट जुळला तो फक्त माझा. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या लिव्हरवरही चरबी आहे. ती दोन महिन्यांत उतरली, तरच त्यातला तुकडा त्याला देता येईल." मी म्हटलं, उतरवते. त्यात विचार कसला करायचा?

भात-भाकरी बंद केली आणि तिसऱ्याच दिवशी मला दिवसा चांदण्या दिसल्या. डोकं ठणकायला लागलं, जिना चढताना पाय लटपटायला लागले, पोटऱ्यांत असे गोळे यायचे की मी किंचाळायचे. पोट साफ होईना ते वेगळंच. आमच्या नारपोलीत कापड विणणाऱ्या लूमची खटखट जन्मापासून ऐकतेय, पण त्या आठवड्यात ती थेट कवटीत वाजत होती. आईनं हळूच ताटात भाताची मूद ठेवली. "एवढ्याशानं काय व्हतंय गं?" मी ताट ढकललं आणि तिला नको ते बोलले. ती रडली. लाज वाटली मला, पण भात खाल्ला नाही.

शेवटी हॉस्पिटलातल्या आहार सांगणाऱ्या बाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, "जेवणात मीठ किती घेता?"

"अजिबात नाही."

भावाच्या पोटात पाणी साठायचं म्हणून त्याला मीठ बंद होतं. मग त्याच्यादेखत आम्ही खारं कसं खाणार? अख्खं घर अळणी जेवत होतं. बाई कडाडल्याच. "अहो, भात-भाकरी सोडली की अंगातलं पाणी आणि मीठ भराभर निघून जातं! तुमचं बीपी चांगलं आहे. मटणाचं पाणी मीठ घालून प्या, पालेभाजी खा, दिवसभर पाणी पीत राहा."

मी स्वयंपाकघराचं दार लोटून, जेमतेम चार कण मीठ टाकून, चोरासारखी ते पाणी प्यायला लागले. दुसऱ्याच दिवशी भिंतीला धरत धरत भाऊ आत आला. मी वाटी मागं लपवली.

"ताई, लपवतेस काय? बाहेर ये, माझ्यासमोर पी." त्यानं बोट बुडवून चाखलं. "यात मीठ कुठं हाय? बावळट!" आणि डबा उघडून स्वतः चिमूट टाकली. त्या दिवसापासून रोज तोच टाकायचा.

चार दिवसांत गोळे थांबले, डोक्याचा ठणका उतरला. मग मात्र मी मागं वळून पाहिलं नाही. एका लग्नात हळदीच्या जेवणावळीतून तांदळाचे वडे न खाता उठले, नातेवाइकांच्या रुसव्याला भीक घातली नाही.

दोन महिन्यांनी तपासणीत पास झाले. घरी येऊन सांगितलं, तर भाऊ खाली मान घालून बसला.

"रोज वाटायचं, तुला न्हाय जमलं तर बरं," तो म्हणाला. "तुला काय झालं तर, ताई?"

"गप बस," मी म्हटलं. "लिव्हर द्यायच्या कागदावर सही करून आलेय मी."