बबिताची रजा

आमच्या संस्थेच्या भिंतीवर बबिताचा मोठा फोटो लावलाय. दोन्ही हातांनी सोताला मिठी मारून हसायलीय. खाली लिवलंय, 'आनंदी कार्यकर्ती, सक्षम संस्था'. बाहेरगावचे पाव्हणे आले की आमचे भाऊ त्यांना आधी त्या फोटोसमोर उभं करतात. मी जीपची चावी बोटात फिरवत मागं उभा असतो आन् शिव्या घालतो. मनातल्या मनात. मोठ्यानं घालायची माझी औकात न्हाई.

मी योगीराज. गंगाखेडात ही संस्था हाय, तिची जीप मी नऊ वर्षांपासून चालवतो. आमी मेंढपाळांसाठी काम करतो, असं पाटीवर लिवलंय. भाऊ म्हणजे कल्याणराव, संस्थेचे प्रमुख. त्यांना साहेब म्हणलेलं चालत न्हाई. "अरे, आपण कुटुंब आहोत," म्हणतात. कुटुंब कसं, तर धाकट्यांनी उन्हात मरायचं आन् थोरल्यानं जेवून कूलरखाली चार वाजेस्तोर घोरायचं. पगाराचं विचारलं की संस्था असती आन् रजेचं विचारलं की कुटुंब असतं.

बबिता पशुसखी. म्हणजे शेळ्यामेंढ्यांना लस टोचणारी, औषध पाजणारी, विताना अडलेली शेळी सोडवणारी. राणीसावरगावची, मेंढपाळाच्याच घरातली. मेंढराच्या डोळ्यात बघून त्याला ताप किती ते सांगायची. सतरा गावं एकटीकडं. पहाटे पाचला फोन, "बबिता, माझी शेळी अडलीय." रातीला जेवताना फोन. तिचा नवरा हरिओम म्हणायचा, "मी दुसरा हाय, हिचं पयलं लगीन फोनसंगं लागलंय." ती हसायची आन् फोन घ्यायची. अकरा वर्षं तिनं असं काढलं.

मागल्या वर्षापासून तिचं काहीतरी बिघडलं. मला दिसायचं, कारण जीपमदी माणूस खोटं बसत न्हाई. जेवली का न्हाई ते तिला आठवंना. एकदा राणीसावरगावला जायचं सोडून सोनपेठच्या एसटीत बसली आन् शेवटपर्यंत गेली. मला फोन करून हसायली. हसता हसता रडायली. मी म्हणलं, "बाई, दवाखान्यात दाखव." ती म्हणाली, "दवाखाना नको भाऊ. मला झोपायचंय."

तेच तिनं कल्याणरावांना सांगितलं. मी तिथंच होतो, त्यांचा चहा घेऊन गेलतो.

"भाऊ, मला चार दिवस रजा पायजे."

"का गं? घरी काही कार्य आहे?"

"न्हाई. मला झोपायचंय."

भाऊंनी असा चेहरा केला की जणू बाईनं त्यांच्या देव्हाऱ्यातली पिंडच मागितली. म्हणाले, "बबिता, बावीस वर्षांत मी एक रजा घेतली नाही. घरात कुणी रजेचा अर्ज देतं का?" बावीस वर्षांत ह्या माणसानं काम तरी कोणतं केलं, की रजा घ्यावी? पण बबिता बिचारी शरमून बाहेर आली. चूक तिचीच हाय, असं तिला वाटलं. असली माणसं दुसऱ्याला राबवतात ते राबवतात, वर शरमसुदा त्यालाच वाटायला लावतात.

आन् मग एप्रिलात वरून पत्र आलं. जे लोक आमच्या संस्थेला मदत करतात, त्यांनी कळवलं की कार्यकर्त्यांच्या मनाचं आरोग्य जपा, तसा अहवाल पाठवा. झालं! ज्या माणसाला चार दिवसांची झोप देता आली न्हाई, त्यानं पुण्याहून बाई बोलावली. शिवरंजनी मॅडम. शनिवारी दिवसभर शिबिर, हजेरी सक्तीची, न आल्यास कारण लेखी द्यावे. आरोग्य असं दटावून वाटायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच शनिवारी बबिताला येडबाचा कळप टोचायचा होता. येडबा आन् म्हाळसाबाई, राणीसावरगावच्या शिवारात उतरलेलं मेंढपाळ जोडपं. एकशेसाठ मेंढरं, तेवढाच त्यांचा संसार. सोनपेठकडून बातमी आलती की तिकडं मेंढरांना रोग लागलाय. नाकातोंडातून पाणी, हगवण, आन् आठ दिवसांत कळप खल्लास. येडबा रविवारी सकाळी तिकडंच निघणार होता, तिथल्या एका शेतात खतासाठी मेंढरं बसवायचा, त्याबदली धान्य घ्यायचा त्याचा शब्द गेलता. म्हणून शनिवारीच टोचायला पायजे होतं. बबितानं लशीच्या दोन बाटल्या जनावरांच्या दवाखान्यातून आणल्या आन् सकाळी जीपपाशी येऊन उभी राहिली.

भाऊ म्हणाले, "आज कुठं? फोटोत चाळीस डोकी दिसली पाहिजेत."

"भाऊ, कळप उद्या जायलाय."

"दुपारी जा. जीप देतो."

तिनं बाटल्या डब्यात घातल्या, डब्यावर चिठ्ठी चिकटवली, 'लस. हलवू नये', आन् ऑफिसच्या फ्रिजमदी ठेवल्या. लस गार असली तर लस, न्हाईतर पाणी. हे ऑफिसातल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. मलाबी ठाऊक होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

शिबिर सुरू झालं. काय तमाशा, देवा! पन्नाशीतल्या बायांना फुगे दिले. फुग्यावर आपलं टेन्शन लिवा आन् फोडा. शिवरंजनी मॅडम म्हणाल्या, "बघा, गेलं की नाही टेन्शन?" समदे म्हणाले, "गेलं." दुसरं काय म्हणणार? मग म्हणाल्या, "आता स्वतःला घट्ट मिठी मारा आणि म्हणा, मी महत्त्वाची आहे." चाळीस माणसं सोताला कवटाळून बसली. थंडीतल्या बकऱ्या बऱ्या. बबितानंबी मारली मिठी, घड्याळाकडं बघत. फोटो काढणारा म्हणाला, "ताई, हसा." ती हसली. तोच फोटो भिंतीवर हाय.

अकराला केक आला. त्यावर लिवलं होतं, 'स्वतःची काळजी घ्या'. भाऊंनी मला बोलावलं. "योगीराज, फ्रिजमध्ये जागा कर. क्रीम वितळेल."

फ्रिज केवढासा! वरच्या फळीवर भाऊंच्या पाण्याच्या बाटल्या, खाली पाव्हण्यांचं श्रीखंड, मधी बबिताचा डबा. भाऊंच्या बाटल्या काढल्या तर भाऊ ओरडणार. श्रीखंड काढलं तरी ओरडणार. बबिता ओरडत न्हाई. म्हणून मी तिचा डबा काढला. चिठ्ठी वाचली आन् काढला. म्हणलं, केक जरा घट्ट झाला की परत ठेवू. डबा कपाटावर ठेवला, पत्र्याच्या खाली, बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन. मग पाव्हण्यांचं जेवण आणायला गेलो, आन् मेल्यावानी विसरलो.

साडेतीनला केक कापला. बबिता धावत फ्रिजपाशी गेली. डबा कपाटावर सापडला. तिनं बाटली गालाला लावली आन् तशीच उभी राहिली. मी दारात होतो. खाली बघत चावी फिरवायलो.

भाऊ केक खात आले. "काय झालं?"

"लस गेली भाऊ. बाटली पार गरम झालीय."

"दाखव." त्यांनी बाटली हातात घेतली. "बरी आहे की. टोचून टाक. अहवालात एकशे साठ येतील. लस खराब होती का चांगली, मेंढरू सांगायला येतंय का?"

"मेंढरं मरतील भाऊ. येडबा माझ्या भरवशावर त्यांना रोगात घेऊन जाईल."

"मरणारी मरतातच, बबिता. फार जिवाला लावून घेतेस. आता मॅडमनी काय शिकवलं?"

हा माणूस! ओठाला क्रीम लागलेली, आन् ज्ञान पाजळायला. थुंकावं वाटलं. थुंकलो न्हाई, अर्थात.

जीप मिळाली न्हाई. जीपमदी मॅडमला स्टेशनवर सोडायचं होतं. बबिता वडापच्या रिक्षानं गेली. पुढचं मला म्हाळसाबाईनं गंगाखेडच्या बाजारात सांगितलं. बबिता रिकाम्या हातानं कळपावर आली आन् उभ्या उभ्या म्हणाली, "लस खराब झाली. टोचली तर माझा आकडा भरंल, तुमाला नुसतं पाणी. उद्या निघू नका. दोन दिवस थांबा." येडबा भडकला. दिलेला शब्द जायलाय, बसवणीचं धान्य जायलंय, आन् इथल्या शेतकऱ्यानं तर उठायला सांगितलेलं. नको नको ते बोलला. "तुमी संस्थावाले बिनकामाचे," म्हणाला. तिनं ऐकून घेतलं. कुणी काढली, कशी गेली, एक शब्द न्हाई. म्हाळसाबाई म्हणाली, "खोटं बोलायचं असतं तर ती टोचून गेली असती की. तिचा शब्द मी मोडणार न्हाई." म्हणून कळप थांबला.

रविवारी दवाखाना बंद. सोमवारी बबितानं नवी लस मिळवली, बर्फात घातली, वर ओलं पोतं गुंडाळलं, आन् एसटीनं, मग पायी गेली. म्हाळसाबाईनं एकेक मेंढरू पायात धरलं आन् हिनं टोचलं. एकशेसाठ. सोनपेठकडचा रोग ओसरेस्तोर पंधरा दिवस येडबानं मेंढरं तिथंच ठेवली, शेतकऱ्याच्या हातापाया पडून. जे कळप आधी सोनपेठकडं गेलते, त्यातले दोन रिकामे झाले. येडबाचं एक मेंढरू गेलं न्हाई.

इथं गोष्ट गोड संपली असती. पण येडबा भला माणूस, तालुक्याच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगून आला, की बबितानं खराब लस टोचली न्हाई, म्हणून आमी वाचलो. त्या भल्या माणसाला काय ठाऊक! ऑफिसातून भाऊंना फोन आला, "तुमच्याकडं लस खराब झाली कशी?"

दुसऱ्या दिवशी बैठक. सगळे खाली सतरंजीवर, भाऊ खुर्चीत. त्यांनी बबितापुढं टाइप केलेला कागद सरकवला. 'कामाच्या अतिताणामुळे माझ्या हातून लस खराब झाली. संस्थेने माझ्या आरोग्याचा विचार करून मला एक महिन्याची बिनपगारी रजा मंजूर केली आहे.'

"सही कर," भाऊ मायेनं म्हणाले. "तुला रजा हवी होती ना?"

बबितानं कागद वाचला. मग परत वाचला. म्हणाली, "मी थकले, हे खरंय. लस माझ्यानं खराब झाली न्हाई, हेबी खरंय. चार दिवस मागितले तवा दिले न्हाई, आन् आता महिना द्यायलात, तेबी माझ्यावर डाग लावून. फ्रिजमधून डबा कुणी काढला तेवढं सांगा. मग सही करते."

चाळीस जणांनी मिठ्या मारल्या होत्या त्या खोलीत, आन् एकानं मान वर केली न्हाई. सगळ्यांना ठाऊक होतं. कुटुंब!

"मी काढला," मी म्हणालो.

माझाच आवाज मला परका वाटला. पुढचं वाक्य तयार होतं, 'भाऊंनी सांगितलं, त्यांच्या केकासाठी.' तेवढं म्हणलं असतं तर बास होतं. बबितानं माझ्याकडं बघितलं. ती थांबली होती, पुढच्या वाक्यासाठी.

भाऊ माझ्याकडं न बघता म्हणाले, "योगीराज, जीप फार घाण झालीय. धुऊन घे जा."

आन् मी उठलो. दोन लेकरांचं शिक्षण, घराचं भाडं, सगळी कारणं मला तोंडपाठ हायत, तुमाला सांगत न्हाई. खरं एवढंच की मी उठलो, बादली भरली आन् जीप धुवायला लागलो.

थोड्या वेळानं ती बाहेर आली. कागदावर सही न करता, लशीचा रिकामा डबा तेवढा काखेत घेऊन. अकरा वर्षांची नोकरी आत सोडून. मला वाटलं, आता बोलंल. थोबाडीत मारली असती तर मी दुसरा गालबी दिला असता, इतकी मला तिची गरज होती त्या घडीला. ती जीपपाशी थांबली. पदरानं तोंड पुसलं.

"येते, भाऊ," म्हणाली. कायमची जाणारीबी आमच्याकडं 'येते' म्हणूनच जाती, आन् समोरच्यानं 'या' म्हणायचं असतं.

माझ्या हातात ओलं फडकं होतं. मला 'या' म्हणायला तोंड राहिलं न्हवतं.