मधली भिंत आणि बाबांची आंघोळ

भिंतीवर घराचा भार आहे की नाही, हे मी टरबुजासारखं वाजवून ठरवलं.

अमरावतीत माझं फळांचं दुकान आहे. नुसत्या टिचकीवर टरबूज आतून कसं निघेल ते सांगणारा माणूस, अशी माझी ख्याती आहे. (गिऱ्हाइकांत जरा कमी.) आमच्या लेकीचं, शीतलचं, साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) घरीच करायचं ठरलं. मुलाकडचे येणार गाडी भरून आणि आमचा हॉल दहा माणसांत भरणारा. हॉल आणि मधली खोली यांच्यातली भिंत काढली तर पंगत बसली असती. माझी बायको वंदना म्हणाली की गल्लीच्या टोकाला इंजिनिअर मॅडम राहतात, त्यांना आधी दाखवा. एका भिंतीसाठी इंजिनिअर? मी चार टिचक्या मारल्या, कान लावला आणि निकाल दिला, "पोकळ हाय. हिच्यावर काई नाई."

मदतीला माझा साळा प्रमोद अकोल्याहून आला. त्याने नुकतंच घर बांधलं होतं, म्हणजे मिस्त्री बांधत असताना तो खुर्ची टाकून समोर बसला होता. त्यानेही भिंत वाजवली, डोळे मिटले आणि माझ्याशी सहमत झाला. दोन मतांनी ठराव पास.

वंदनाने एवढंच विचारलं, "मंग वरची भिंत कशावर उभी हाय?"

प्रश्न अवघड होता. या भिंतीच्या अगदी वर, पहिल्या मजल्यावर, आमचं न्हाणीघर आहे आणि त्याच्या डोक्यावर पाण्याची टाकी. प्रमोदने विचार करून सांगितलं, "ताई, ते आपल्या पायावर उभी हाय."

सकाळी आम्ही घण घेतला. खिडकीएवढं भोक पडेपर्यंत मजा आली. विटा मात्र संपेनात. एक काढली की तिच्यामागे दुसरी. मी म्हटलं, पोकळ भिंत इतकी जाड कशी? प्रमोद म्हणाला, "जुने लोक दिलदार होते, भाऊजी."

तेवढ्यात वर छतात 'कट्' असा आवाज झाला आणि एक बारीक भेग भोकापासून निघून पंख्यापर्यंत गेली. आम्ही दोघं तिच्याकडे पाहत राहिलो. मग वरून बाबांचा आवाज आला. त्यांची आंघोळ चालली होती.

"दार उघडून नाई राहिलं," बाबा म्हणाले. "खाली काय करून राहिले तुमी?"

वरची भिंत केसभर खाली बसली होती आणि न्हाणीघराचं दार चौकटीत घट्ट अडकलं होतं. मी धावत वर जाऊन खांदा लावला. दार हललं नाही, खांदा हलला. तोवर वंदना मॅडमना घेऊन आलीसुद्धा. मॅडमनी भोक पाहिलं, भेग पाहिली, मला खाली बोलावलं आणि दाराला हात लावायचा नाही असं बजावलं. शेजारी नव्या घराचा स्लॅब टाकायचा होता, तिथले लोखंडी टेकू त्यांनी मागवले. आधी वरचं वजन कमी करा, टाकी रिकामी करा, असंही सांगितलं.

टाकी रिकामी करायची तर न्हाणीघरातले नळ सोडायचे. आणि न्हाणीघरात होते बाबा, जे भाजी धुतलेलं पाणीही कुंड्यांना घालायला लावतात. मी अंगणातून ओरडून सगळे नळ सोडायला सांगितलं.

"एवढं पाणी वाया? नळ कधी येते माहीत हाय ना तुले?"

"बाबा, घर पडून राहिलं!"

आत बादली सरकवल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "पयले बादली भरून घेतो."

त्यांनी बादली, घंगाळ, तांब्या, सगळं भरून घेतलं आणि मगच नळ मोकळे सोडले. खाली टेकू लागले, शेजारच्या सुताराने वरच्या दाराच्या बिजागऱ्या काढल्या आणि टॉवेल गुंडाळलेले बाबा अख्ख्या गल्लीसमोर जिना उतरले. माझ्याजवळ थांबून म्हणाले, "भिंत काढाची होती त आंघोळीच्या आंधी सांगत जाय."

मॅडमनी मग टेप काढली. दाराच्या चौकटीत भिंतीची जाडी मोजली: नऊ इंच. वर बरोबर तिच्यावरच दुसरी भिंत, दोन्ही खोल्यांचे स्लॅब तिच्यावर टेकलेले, घरात कॉलम एकही नाही. पाच मिनिटांत कळलं की घर उभं होतं ते या भिंतीवर, आणि आम्ही नेमका तिलाच घण लावला होता.

भोक सिमेंटमध्ये परत बांधून घेतलं. साक्षगंध अंगणात मांडव टाकून झालं आणि छान झालं. सोयरीक पक्की झाली. मॅडमना जेवायला बोलावलं होतं. वंदनाने त्यांच्या ताटात आग्रहाने वाढता वाढता विचारलं, "मॅडम, या घरात कसलाच भार घेत नाई असं काई हाय का?"

मॅडम म्हणाल्या, स्वयंपाकघरातली चार इंची आडभिंत तेवढी आहे.

"आनखी एक हाय," वंदना माझ्याकडे पाहत म्हणाली, "पण ते काढता येत नाई."

मी गुपचूप वरणाची बादली उचलली आणि पंगतीत वाढायला गेलो. तेवढा भार तरी अंगावर दिसलेला बरा.