बघूनमावशी

पुलाच्या तोंडाशी एक छोटं चर्च आहे आणि चर्चच्या भिंतीला टेकून पत्र्याची एक खोली. तिथे मावशी इस्त्री करते. बाईच्या पायाला भिंगरी आहे. इस्त्री फिरवतानाही एक पाय दाराकडे, एक डोळा पुलावर. कुणी म्हणालं, "मावशी, बसा की जरा," तर म्हणते, "बसले की कपडे सुरकुततात." आता हिच्या बसण्याने लोकांचे कपडे कसे सुरकुततील, हे विचारायची सोय नाही.

पुलाच्या अलीकडचे लोक वेगळे, पलीकडचे वेगळे. बोली वेगळी, देव वेगळा. एकमेकांबद्दलच्या गोष्टी मात्र अगदी सारख्या. ते पाणी नासवतात, ते पोरं पळवतात, ते गोड बोलून गळा कापतात. मावशीचं माहेर पलीकडचं, सासर अलीकडचं आणि उपासना चर्चमध्ये, जिथे दोन्हीकडची मिळून मूठभर माणसं. त्यामुळे भांडण पेटलं की दोन्हीकडचे तिला दुसऱ्यांची समजत. कपडे मात्र दोघंही तिच्याकडेच टाकत.

तिचा नवरा अफवेने गेला. दंगल झाली त्या वर्षी कुणीतरी बोंब मारली की चर्चवाल्यांनी आत माणसं लपवलीत. तो बिचारा मंडळीतल्या एका म्हातारीसाठी तापाचं औषध आणायला निघाला होता, तो दारातच जमावाला सापडला. चर्चमध्ये तेव्हा दोन उंदरांशिवाय कुणी नव्हतं. कुणी दार ढकलून बघितलं असतं तरी तो वाचला असता. मावशी त्यानंतर पुष्कळ रडली, पण तिच्या डोक्यात बसलं ते एवढंच, की कुणी बघितलं नाही.

चर्चचे पाळकसाहेब भला माणूस, पण शांतीवर बोलायला लागले की मंडळी पेंगायची. अशाच एका बुधवारच्या प्रार्थनेत मावशी मध्येच उठली. "साहेब, प्रार्थना करूच," ती म्हणाली, "पण आग लागली म्हणून कुणी ओरडलं, तर आपल्यापैकी कुणी जाऊन बघायला काय हरकत आहे? प्रभू काय खाली उतरून बघणार आहे?" पाळकसाहेब वयाने तिच्या मुलासारखे. ते म्हणाले, "मावशी, कोण जाणार?" झालं, मावशी गेली.

तिथून ही रीत पडली. अफवा उठली की दोन बायांनी जायचं, एक अलीकडची, एक पलीकडची. आपल्या डोळ्यांनी बघायचं. परत येऊन चर्चच्या पायरीवर उभं राहून सांगायचं, आणि मग पूल ओलांडून पलीकडेही तेच सांगायचं, त्याच शब्दांत. जे दिसलं तेवढंच. पलीकडून मावशीची जोडीदारीण होती एक निवृत्त मास्तरीणबाई. ती चर्चची नव्हती आणि देव मानायची की नाही हेही तिने कधी कुणाला कळू दिलं नाही. दोघी मिळून जायच्या. विहिरीत विष टाकलं म्हणून गर्दी जमली, तर या जाऊन बघून आल्या की शेवाळ आहे. प्रार्थनेची जागा जाळली म्हणून काठ्या निघाल्या, तर जळत होता कचरा. लोक आधी हसले, "बघ्या बाया" म्हणाले. पुढे पुढे मात्र, "थांबा, मावशी बघून येऊ दे," असं म्हणायला लागले, आणि तिचं नाव बघूनमावशी पडलं. ते नाव तिला फार आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला.

आणि थोडा गर्वही चढला होता. बाकीचे इस्त्रीवाले कपड्याच्या आत रंगीत दोऱ्याची खूण घालतात, कुठलं घर ते कळावं म्हणून. मावशी खूण घालत नसे. "कपडा बघितला की मला घर आठवतं," म्हणायची. "मला कशाला खूण?"

त्या दिवशीची गोष्ट अशी. आदल्या संध्याकाळी पुलावर एक हातगाडी कुणाच्या तरी सायकलला घासली. शब्दाने शब्द वाढला आणि राईचा पर्वत झाला. सरकारने फोन बंद केले, म्हणजे खरी बातमी थांबली आणि खोटी मोकळी सुटली. अलीकडे बेकरीवाला राहतो. त्याचा मुलगा पहाटे पाव घेऊन सायकलवर पलीकडे गेला, तो सकाळी परत आला नाही. पुलाच्या अलीकडच्या टोकाला दिव्याच्या खांबाशी रक्त सांडलेलं दिसलं, शेजारी निळ्या पट्ट्याची एक चप्पल. "आपल्या पोराला मारलं, इथवर येऊन मारलं," म्हणत माणसं बेकरीसमोर जमली. हातात काठ्या, गज. ती चप्पल कुणी त्याच्या आईला नेऊन दाखवलीसुद्धा नाही.

मावशी इस्त्री ठेवून निघाली. मास्तरीणबाईची गल्ली अडवलेली होती, तिला बोलावणं शक्य नव्हतं. पाळकसाहेब म्हणाले, "मावशी, एकट्या जाऊ नका. दोघींनी जायचं हा तुमचाच नियम."

"त्या पोराच्या आईचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही नियम काढताय," असं म्हणून ती गेलीसुद्धा.

दवाखाना पलीकडे. वॉर्डात एक मुलगा निपचित पडला होता. डोकं, तोंड, सगळं पट्ट्यांनी गुंडाळलेलं. कुणा एका हातगाडीवाल्याने पहाटे आणून टाकला, नाव माहीत नाही, असं नर्स म्हणाली आणि तिने मावशीला दारातूनच परतवलं. पण दारातून दिसायचं ते दिसलं. खाटेखाली निळ्या पट्ट्याची एकच चप्पल, आणि अंगात निळ्या चौकटीचा शर्ट, खिसा पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला. तो खिसा मावशीने स्वतःच्या हाताने शिवला होता. बेकरीवाल्याच्या मुलाचा शर्ट. छाती वरखाली होत होती.

"ओळखता?" नर्सने विचारलं.

"ओळखते," मावशी म्हणाली.

दुपारी ती चर्चच्या पायरीवर उभी राहिली. "बघून आले. बेकरीवाल्याचा मुलगा जिवंत आहे. दवाखान्यात आहे. श्वास चालू आहे." गर्दीतून सुस्कारा निघाला. बेकरीवाल्याची बायको मटकन खाली बसली आणि तिने मावशीचे पाय धरले. काठ्या हळूहळू घरी गेल्या. बेकरीवालीला लगेच दवाखान्यात जायचं होतं, पण नवरा आणि दीर पूल ओलांडू देईनात, सकाळी पोलीस आले की जाऊ म्हणाले. मग ती मावशीला म्हणाली, "मावशी, तुम्हाला तर सगळे जाऊ देतात. त्याचे धुतलेले कपडे आहेत ना तुमच्याकडे? तेवढे नेऊन द्या. रक्ताच्या कपड्यात पडलाय माझा पोर."

मावशी खोलीत आली. बेकरीवाल्यांचं गाठोडं फळीवर तयार होतं. सोडलं. वरच निळ्या चौकटीचा शर्ट. तिने खिशावरून बोट फिरवलं. खिसा सबंध होता.

या कापडाचे दोनच शर्ट तिच्याकडे येत. एक बेकरीतून, एक पलीकडच्या गवंड्याच्या घरून. गवंड्याचं गाठोडं तिने आदल्या दिवशी पोचवलं होतं. म्हणजे शिवलेल्या खिशाचा शर्ट तिने स्वतःच्या हाताने गवंड्याच्या घरी दिला होता. खाटेवर पडलेला मुलगा गवंड्याचा होता. मास्तरीणबाई सोबत असती तर तिने नुसत्या हातापायावरून ओळखला असता, तिच्याच हाताखाली शिकलेलं पोर ते.

ती खोलीत येरझारा घालायला लागली. खोली केवढीशी, चार पावलांत भिंत. इस्त्री तापून टेबलावरचं फडकं करपलं तरी तिला कळलं नाही. शेवटी ती पाळकसाहेबांकडे गेली. ऐकून त्यांच्याही तोंडचं पाणी पळालं.

"मावशी, आज गप्प राहा," ते म्हणाले. "लोक शांत झालेत. सकाळी पोलीस येतील. आता हे सांगितलं तर पूल पेटेल."

"आणि तो मुलगा? त्याच्या आईला ठाऊकसुद्धा नाही तो कुठे पडलाय. आणि बेकरीवालीचा कुठे आहे? मी तिला खोटी आशा देऊन बसवलंय, साहेब."

"तुम्ही मुद्दाम केलं नाही."

"माझ्या नवऱ्याला तरी कुणी मुद्दाम मारलं? लोकांना वाटलं की आपल्याला माहीत आहे, म्हणून मारलं," मावशी म्हणाली आणि सबंध खिशाचा शर्ट काखेत मारून पुलाकडे चालायला लागली. पाळकसाहेब दारात क्षणभर उभे राहिले. मग चर्चमध्ये जाऊन गुडघ्यावर बसले, कारण दुसरं काही सुचेना.

गवंड्याच्या घराचं दार बंद होतं. गवंडी कामासाठी परगावी. मावशीने हाक मारली तेव्हा दार बोटभर उघडलं, आणि गवंड्याच्या बायकोने तिचा हात धरून तिला आत ओढून परत कडी लावली. तिचा चेहरा उजळला होता. "बरं झालं आलात. काही खाल्लं का हो माझ्या पोराने तिकडे?"

तेवढ्यात सिमेंटच्या गोण्यांच्या मागून कुणीतरी उठून उभं राहिलं. बेकरीवाल्याचा मुलगा. धडधाकट, फक्त घाबरलेला.

"पहाटे याच्यामागे पोरं लागली होती," गवंडीण सांगत होती. "मी आत ओढला. म्हटलं, याच्या आईच्या जिवाला घोर लागेल, म्हणून माझ्याला पाठवला निरोप द्यायला. सकाळपासून आला नाही. पुलावर गडबड आहे ना, मग त्यांनी ठेवून घेतला असणार. हा माझ्याकडे, तो त्यांच्याकडे. मी काळजी नाही केली. शर्ट मात्र तुम्ही चुकीचा दिलात बरं का, खिसा शिवलेला. उद्या परत करणार होते, पण बाहेर जायला तेवढाच धुतलेला होता."

मावशी खाली बसली. आयुष्यात पहिल्यांदा न सांगता बसली. बसूनच तिने सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. गवंडीण ऐकत राहिली. मग ती उठली, चपला शोधायला लागली, आणि पायातच असलेल्या चपला तिला सापडेनात.

दवाखान्यात तिने तोंडाची पट्टी बघितलीच नाही. सरळ पायाशी गेली, दोन्ही पाय ओंजळीत धरले आणि म्हणाली, "माझाच आहे." वाटेत मावशीने मास्तरीणबाईच्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या माणसांना हात जोडून तिला बाहेर काढवलं होतं. नियम मोडल्याची शिक्षा भोगून झाली होती, आता पुन्हा मोडायचा नव्हता. मास्तरीणबाईने मावशीला एक शब्द विचारला नाही. "बोल, काय सांगायचं ठरवू या," एवढंच म्हणाली.

पलीकडच्यांना सांगितलं तेव्हा तिथेही माणसं खवळली. गवंडीण दवाखान्याच्या दारात आली आणि म्हणाली, "माझं पोर आत पडलंय. त्याच्या नावाने कुणी दगड उचलला, तर आधी माझ्याशी गाठ आहे." मास्तरीणबाई तिच्याजवळ थांबली आणि माणसं तिथेच घुटमळत राहिली.

सूर्य कलला होता तेव्हा मावशी बेकरीवाल्याच्या मुलाला घेऊन पुलावरून आली. लोक धावले. आईने मुलाला पोटाशी धरलं, त्याचे गाल, हात, डोकं चाचपलं. आणि मग तिच्या लक्षात आलं. "मग तिथे कोण आहे, मावशी?"

मावशी पायरीवर चढली. आवाज नेहमीचाच काढला.

"दुपारी मी बघून आले म्हणाले. मी बघितलं नव्हतं. शर्ट बघितला आणि माणूस सांगितला, आणि शर्टांची अदलाबदलही माझ्याच हातून झाली, गवंड्याच्या मुलाचा हा माझ्या काखेत आहे. चूक माझी. आता बघितलंय ते सांगते. पलीकडच्या गवंडिणीने हा मुलगा पहाटेपासून घरात लपवला. तो सुखरूप आहे हे सांगायला तिने स्वतःचा मुलगा इकडे पाठवला. त्याची एक चप्पल खाटेखाली आहे. दुसरी आपल्या खांबाशी पडली आहे, पुलाच्या आपल्या टोकाला. पुढचं तुमचं तुम्ही समजा."

मागच्या बाजूला उभी असलेली काही तरणी पोरं जमिनीकडे बघायला लागली. त्यांतला एक हळूच म्हणाला, "आम्हाला वाटलं तो पलीकडून…"

"वाटलं," मावशी म्हणाली. "मलाही वाटलंच." तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडायचा हक्क दुपारीच गमावला होता. त्याचं तिला भयंकर वाईट वाटलं.

बेकरीवाली मुलाला सोडून पुढे आली. "तो शर्ट त्याचा आहे ना, तुमच्या काखेतला? इकडे द्या." नवऱ्याने हात धरला, "अगं, कुठे निघालीस?"

"बघून येते," ती म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

मावशी तिच्याबरोबर निघाली, दोघींनी जायचं म्हणून. खांबाशी मावशी चप्पल उचलायला वाकली, पण बेकरीवालीने ती आधीच उचलली, पदराने पुसली आणि शर्टात गुंडाळून घेतली. पलीकडे तिने आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं. दवाखाना कुठल्या बाजूला हेही तिला माहीत नव्हतं, तरी ती पुढे आणि मावशी मागे.

मुलगा वाचला. डाव्या डोळ्याने त्याला अंधुकच दिसतं. खांबाशी मारणाऱ्यांतल्या दोघांनी स्वतःहून कबुली दिली, बाकीचे अजून गप्प आहेत. आपल्याच माणसांत कुणी कुणाला मारलं हे विचारायला अलीकडे अजूनही फारसं कुणाला आवडत नाही. मावशी अफवा उठली की जाते, मास्तरीणबाईशिवाय मात्र एक पाऊल टाकत नाही. लोक तिला बघूनमावशीच म्हणतात आणि ते नाव आता तिला टोचतं.

कपड्याच्या आत ती आता दोऱ्याची खूण घालते, प्रत्येक घराचा रंग वेगळा. परवा बेकरीवाली गाठोडं घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "मावशी, आमचे कपडे तुम्ही डोळे मिटून ओळखाल. तुम्हाला कशाला खूण?"

"लागते," मावशी म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.