शकुनच्या हातावरचं काळं

इंदूबाई तायडे पुढे अकोल्याच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ झाल्या. काम मात्र शिकल्या १९६४ साली अमरावतीच्या दवाखान्यात, तिथल्या मुख्य आहारतज्ज्ञ माणिकबाईंच्या हाताखाली. तोवर आहारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर सांगतील तशी पेज आणि दूध वाटणारी बाई, असाच समज होता. माणिकबाई शिकाऊ मुलींना आधी रोग्याची जीभ, कातडी, नखं पाहायला लावत.

त्या उन्हाळ्यात दर्यापूरकडचा शालिकराम बायकोला, शकुनला, घेऊन आला. तिचे हात कोपरापर्यंत काळे, खवल्यांचे. गळ्याभोवतीही तसाच पट्टा. गावाने महारोग ठरवून टाकला होता. सासूने तान्हं मूल काढून घेतलं होतं, अंथरूण गोठ्यात टाकलं होतं. तिला कुष्ठधामात घ्या, एवढंच शालिकरामचं म्हणणं.

"घरी काय खाता?" इंदूने विचारलं.

"भाकर, वरण, भाजी. आमी माळी माणसं, भाजीले काय तोटा?"

माणिकबाईंनी मागून टोकलं, "घराचं नको. हिच्या ताटात काय येतं ते विचार. आणि यांना बाहेर बसव."

तो गेल्यावर शकुन बोलली, "समदे जेवले का मी बसतो. भाजी बाजारात जाते. मले भाकर अन् मिरची. आता मिरचीबी सोसत नाई."

जीभ लालभडक, सोललेली होती. इंदूने साबण लावून तिच्या मनगटातलं रुंद कडं वर सरकवलं. खालची कातडी स्वच्छ. झंपराच्या बाहीआडही तशीच. महारोगाला ऊन-सावली सारखीच. नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्याला होणारा पेलाग्रा ऊन लागतं तिथेच उमटतो, हे वर्गात शिकवलेलं होतं. इंदूने काळ्या भागावर सुई टेकवली.

"टोचून काहून राह्यल्या बाई?"

"लागलं?"

"लागन नाई तं काय?"

महारोगाचा डाग बधिर असतो. इंदूला हसू आवरेना. डॉक्टरांनीही तेच निदान केलं.

"महारोग नाही. उपाशी आहे ती," तिने शालिकरामला सांगितलं.

"माह्या घरात?" तो म्हणाला आणि खाली बसला.

गोळ्या, दूध, डाळ, शेंगदाणे सुरू झाले. जीभ लवकर निवली. खपल्या गळून नवी कातडी आली. घरी जायच्या दिवशी शकुन माणिकबाईंच्या पाया पडायला वाकली. त्या बाजूला सरल्या. "हिनं ओळखलं," म्हणाल्या. इंदूबाईंनी हे ऋण जन्मभर मानलं.

घरी पोचल्यावर सासूने मूल पुढे केलं, तेही हात लांब करूनच. महिनाभरात ते आईला विसरलं होतं. मांडीवर येताच त्याने भोकाड पसरलं.

"रडू द्या," शकुन म्हणाली. "माह्यापाशीच रडून राह्यलं ना."